घोडं कुठे अडलंय?

लेखकांच्या एका रिट्रीटमध्ये, म्हणजे काही दिवस घरापासून दूर एकत्र राहून लिहिण्यासाठी जमतात तिथे, पहिल्या संध्याकाळी ओळखीसाठी अकरा जण गोल करून बसले होते. चेहऱ्यांवर प्रवासाचा शीण, बॅगा खोल्यांत अजून तशाच बंद. संयोजकांनी सवयीने सुरुवात केली, "नाव सांगा, आणि आतापर्यंत तुमचं काय काय प्रसिद्ध झालंय तेही सांगा." पहिल्याने दोन कादंबऱ्या आणि एक पुरस्कार सांगितला. दुसरीने चार मासिकांची नावं घेतली. तिसऱ्याचं एक सदर चालू होतं. असं करत करत पाळी सातव्या खुर्चीवर आली. पन्नाशीच्या पुढच्या एक बाई. मांडीवर जाड बांधणीची वही, तिचा कोपरा त्या अंगठ्याने सारख्या घासत होत्या. तिथला पुठ्ठा घासून घासून पांढरा पडलेला. म्हणाल्या, "तशी मी काही लेखिका नाही हं. आपलं सहज काहीतरी खरडत असते." दोघे-तिघे समजूतदारपणे हसले, कुणीतरी "अहो ताई, असं काय म्हणता" म्हटलं, आणि पाळी आठव्या खुर्चीकडे सरकली.

कुणी काही वावगं बोललं नव्हतं. तरी ते वाक्य कानातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी कळलं की ती वही चौथी होती. घर जागं होण्याआधीच्या तासाभरात लिहीत लिहीत नऊ वर्षांत तीन वह्या भरल्या होत्या. त्या खोलीतल्या बहुतेकांपेक्षा जास्त नेमाने लिहिणारं माणूस स्वतःला लेखिका म्हणायला धजत नव्हतं, कारण विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात त्या चार वह्यांना कुठे जागाच नव्हती. पुढचे दोन दिवस त्या जेवणाच्या टेबलाशी टोकाची खुर्ची धरून अंग चोरून बसायच्या. त्यांची पानं कुणी मागितली नाहीत आणि त्यांनीही पुढे केली नाहीत. दहा मिनिटांत त्या गोलाची शिडी झाली होती. कोण कुठल्या पायरीवर हे सगळ्यांना न बोलता समजलं होतं, वरच्यांनाही आणि खालच्यांनाही. वरच्यांचंही त्यात भलं झालं नाही. पुरस्कारवाल्या लेखकाला त्यानंतर "माझं सहा महिने काही होत नाहीये" असं म्हणायची सोय उरली नाही.

रिट्रीटला जाऊन काय मिळतं असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा 'निवांतपणा' असं येतं. शांत जागा, मोकळा वेळ, आयतं जेवण. हे हवंच. पण निवांतपणा घर रिकामं असेल तेव्हा घरीही मिळतो, ग्रंथालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलाशीही मिळतो. रिट्रीटमध्ये मिळते ती आणखी एक गोष्ट: काही दिवस आपलं लिहिणं हेच दिवसाचं मुख्य काम आहे असं धरून चालणारी माणसं आजूबाजूला असतात. एरवी लिहिणं हे बाकीचं सगळं उरकल्यावर हाती राहील त्या वेळात करायचं असतं, आणि "जरा लिहीत होते" हे आपण माफी मागितल्याच्या सुरात सांगतो. इथे दार लावून बसलेल्या माणसाला कारण सांगावं लागत नाही. मात्र हे वातावरण चांगल्या मनाची माणसं एकत्र आली म्हणून आपोआप तयार होत नाही. त्या पहिल्या संध्याकाळी सगळी चांगल्याच मनाची होती. स्वागत हे खुर्चीत, वेळापत्रकात, पाठवलेल्या पत्रात आणि विचारलेल्या प्रश्नात उतरावं लागतं, आणि तिथे ते उतरलं नाही तर हसतमुख चेहरे फार काळ पुरत नाहीत.

पहिलं स्वागत पत्रातून होतं, निघायच्या दोनेक आठवडे आधी. चांगलं पत्र एका पानाचं असतं आणि त्यात साहित्याबद्दल एक ओळही नसली तरी चालते. खोली एकट्याची की दोघांत, कितव्या मजल्यावर, पायऱ्या किती आणि कठडा आहे का, संडास-बाथरूम खोलीला जोडून की व्हरांड्याच्या टोकाला, टेबलाजवळ प्लगपॉइंट आहे का, मोबाइलला रेंज कुठे मिळते, औषधांचं दुकान किती लांब, पथ्य असेल तर कुणाला कळवायचं, गाडी चुकली आणि पोचायला रात्र झाली तर कुणाला फोन करायचा. बुजऱ्या माणसाच्या डोक्यात हे सगळे प्रश्न असतात, पण विचारलं तर आपण कटकटे वाटू म्हणून तो विचारत नाही. त्याखाली आणखी तीन प्रश्न असतात, ते तर कुणीच विचारत नाही. वाचून दाखवावंच लागेल का? काहीच लिहून झालं नाही तर? मध्येच घरी जावं लागलं तर? पत्रातच लिहून टाकावं, की वाचन ऐच्छिक आहे, पानांचा हिशेब कुणी मागणार नाही, आणि जावं लागलं तर जा, फक्त निघताना सांगा. या तीन ओळी वाचून कितीतरी जणांचा जीव भांड्यात पडतो. बॅग भरतानाची सूचनाही मोजकी हवी: एक मुख्य काम आणि एक छोटं, बस. मुख्य कामाची छापील प्रत मोठ्या समासासह काढून आणा, कारण पडद्यावर अडलेलं पुष्कळदा कागदावर सुटतं. वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड, कानात घालायचे बोळे, अंगावर घ्यायला काहीतरी ऊबदार. पुस्तकं दोनच. वीस पुस्तकं घेऊन आलेला माणूस वाचत बसतो आणि शेवटच्या दिवशी स्वतःवर चिडून परत जातो. हे इतक्यांदा घडताना दिसतं की पत्रात तसं स्पष्ट लिहिण्यात संकोच करू नये.

खुर्चीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. रिट्रीटसाठी जागा बघायला जाणारी माणसं खिडकीबाहेर काय दिसतं ते बघतात, झाडं बघतात, पलंग दाबून बघतात. खुर्चीवर बसून कुणी बघत नाही. लिहिणारा माणूस तिच्यावर दिवसाचे पाच-सहा तास काढणार असतो. लिहायच्या टेबलाची उंची साधारण 72 ते 75 सेंटिमीटर असते, आणि खुर्चीची बैठक 43 ते 46 सेंटिमीटरवर असली की बहुतेकांचे पाय जमिनीला टेकतात. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या खोल्यांत ठेवलेल्या असतील तर त्यांची पाठ बहुधा सरळसोट असते आणि बैठक टणक. पहिला दिवस जातो, दुसऱ्या दुपारी कंबर बोलायला लागते, आणि लेखक समजतो की आपल्याला लिहिणंच सुचत नाहीये. उंची कमी-जास्त करता येणाऱ्या खुर्च्या नसतील तर प्रत्येक खोलीत एक घट्ट उशी आणि पायाखाली घ्यायला एक लाकडी पाट ठेवला तरी निम्मं काम होतं. दिवा लिहिणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला हवा, नाहीतर आपल्याच हाताची सावली ओळीवर पडते. डावखुरे इथे हटकून विसरले जातात, म्हणून दिवा सुटा आणि हलवता येणारा असावा. टेबल खिडकीकडे तोंड करून की भिंतीकडे, हे मात्र आपण ठरवू नये. काहींना बाहेर बघितल्याशिवाय वाक्य सुचत नाही, काहींना बाहेर काही दिसलं की वाक्य तुटतं. टेबल एकट्याने सरकवता येईल इतकं हलकं असावं आणि "हवं तिकडे सरकवा" अशी चिठ्ठी त्यावर असावी. खोल्या वाटण्याआधी आयोजकांपैकी एकाने प्रत्येक खुर्चीवर सलग अर्धा तास खरोखर बसून काहीतरी लिहून पाहावं. डुगडुगणारा पाय, उन्हाची तिरीप, शेजारच्या पाण्याच्या पंपाचा आवाज, हे सगळं त्या अर्ध्या तासात कळतं. एरवी ते पाहुण्याला कळतं, आणि पाहुणा भिडेपोटी सांगत नाही.

आणि मग त्याला एकटं सोडावं.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरो गावाजवळ 1907 साली एडवर्ड आणि मेरियन मॅकडॉवेल या दांपत्याने कलावंतांसाठी निवास सुरू केला. एडवर्ड संगीतकार होते, ते पुढच्याच वर्षी गेले. मेरियनबाईंनी नंतर कित्येक दशकं तो एकहाती वाढवला. त्यासाठी ठिकठिकाणी पियानोवादनाचे कार्यक्रम करून पैसे उभे केले. झाडीत एकमेकांपासून लांब लांब स्टुडिओ आहेत, आणि तिथली एक रीत प्रसिद्ध आहे: दुपारचं जेवण टोपलीतून येतं आणि स्टुडिओच्या दाराशी ठेवलं जातं. आतल्याला उठून यावं लागत नाही, बोलावं लागत नाही. मला ही टोपली म्हणजे स्वागताचं फार नेमकं रूप वाटतं. तुझी भूक आमच्या लक्षात आहे आणि तुझ्या मधल्या वाक्याची आम्हाला कदर आहे, या दोन्ही गोष्टी ती एकाच वेळी सांगते. तिथल्या स्टुडिओंमध्ये लाकडी फळ्याही असतात. तिथे राहून गेलेला प्रत्येक जण फळीवर आपलं नाव आणि तारीख लिहून जातो. त्या फळीवर पुरस्कार लिहायला जागा नसते. आज ज्यांची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत ते आणि ज्यांचं पुढे काहीच छापून आलं नाही ते, एकाखाली एक.

पाहुणचारात नेमकी इथेच गफलत होते. आग्रह म्हणजे स्वागत असं मनात बसलेलं असतं, म्हणून दर तासाला काहीतरी असतं: सकाळी व्यायाम, मग व्याख्यान, मग गटचर्चा, दुपारी सहल, रात्री गप्पांची मैफल. प्रत्येक गोष्ट चांगली असते आणि लिहायला चाळीस-चाळीस मिनिटांचे तुकडे मिळतात. लिहिणाऱ्याला लागतो तो सलग वेळ. आधीचं वाचून, रेंगाळून, दोन ओळी खोडून खरं काम सुरू व्हायलाच अर्धा तास जातो. त्यामुळे चाळीस मिनिटांत हाती दहा मिनिटं येतात आणि चार तासांत साडेतीन तास. सकाळी नऊ ते एक कुणी कुणाशी बोलायचं नाही, व्हरांड्यातसुद्धा, एवढा एकच नियम कडक ठेवावा. बाकी सगळं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. शिकवणारं शिबिर वेगळं, तिथे व्याख्यानं हवीतच. पण शिबिर आणि रिट्रीट यांची सरमिसळ केली की शिकणंही धड होत नाही आणि लिहिणंही.

किती दिवस हवेत, यावर माझं मत पक्कं आहे: नवं काही सुरू करायचं असेल तर निदान पाच रात्री, सहा असतील तर उत्तम. पहिला दिवस प्रवासात आणि नव्या गादीवर झोप न येण्यात जातो. दुसरा दिवस सगळ्यात वाईट. एवढा वेळ मिळाला, आता तरी काहीतरी भव्य झालं पाहिजे, या धास्तीने हात आखडतो. सकाळभर लिहिलेलं दुपारी फाडलं जातं, घरी फोन करावासा वाटतो, शेजारच्या खोलीतून येणारा टायपिंगचा आवाज छातीवर पडल्यासारखा वाटतो. तिसऱ्या सकाळी धास्ती थकते आणि हात चालायला लागतो. म्हणजे शनिवार-रविवारला जोडून तीन दिवस केलेल्या रिट्रीटमध्ये माणसं नेमकी लिहिती होतात त्या दिवशी सामान आवरतात. तीन दिवस पुनर्लेखनाला पुरतात, कारण तिथे कच्चा माल तयार असतो. दुसऱ्या दिवसाचं हे दुखणं पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकलं तर त्याची धार अर्ध्याने कमी होते. आपल्यालाच होतंय असं मग वाटत नाही. आणि तरीही कुणी तिसऱ्या दिवशी कोरंच राहिलं तर त्याला उपदेश करू नये. कालचं पान हाताने पुन्हा उतरवून काढणं, किंवा अडलेल्या प्रसंगात खोलीत कोणकोणत्या वस्तू आहेत याची फक्त यादी करणं, असं वीस मिनिटांचं हलकं काम सुचवावं. उतरवून काढताना हात आपसूक एखादा शब्द बदलतो, आणि तिथून पुढे जाता येतं. निघण्याच्या आदल्या दिवशी मात्र काम संपवायचा हट्ट नको. एखादं वाक्य अर्धवट सोडावं, खाली पुढच्या दोन ओळींत काय येणार ते टिपून ठेवावं, आणि घरी पोचल्यानंतरची पहिली सकाळ कुणालाही देऊ नये. ज्यांनी हे केलं नाही त्यांची वही पुढच्या रिट्रीटपर्यंत बॅगेतच राहिलेली असते.

दिवसभर एकटं सोडलं म्हणून रात्रीच्या टेबलाला महत्त्व येतं. अमेरिकेतल्याच व्हिडबी बेटावर हेजब्रुक हे स्त्री-लेखकांसाठीचं निवासस्थान 1988 पासून आहे. तिथे सहा छोटी घरं आहेत, एकेका घरात एकेक लेखिका. दिवसभर ज्या त्या आपल्या घरात आणि संध्याकाळी सगळ्या एका टेबलाशी. सहा ही संख्या मला फार शहाणपणाची वाटते. सहा-आठ जणांत टेबलावर एकच बोलणं चालू शकतं. दहा-बाराच्या पुढे गेलं की टेबलाचे दोन-तीन तुकडे होतात, आणि कुठल्या तुकड्यात शिरायचं हे न समजलेला माणूस ताटात बघत जेवतो. संख्या मोठी असेल तर दोन गोल टेबलं मांडावीत आणि पहिल्या दोन रात्री नावांच्या चिठ्ठ्या ठेवून जागा बदलाव्यात. शाळकरी वाटतं, पण ताट हातात घेऊन कुणाशेजारी बसावं असं घुटमळत उभं राहण्यापेक्षा ते कितीतरी बरं. इंग्लंडमध्ये जॉन फेअरफॅक्स आणि जॉन मोट या दोन कवींनी 1968 मध्ये आर्वन ही संस्था सुरू केली. तिच्या निवासी वर्गांमध्ये सहभागी लेखक आळीपाळीने सगळ्यांसाठी संध्याकाळचा स्वयंपाक करत आले आहेत. यामागची जाण मोठी आहे. समोरासमोर बसून "तुम्ही काय लिहिता" हे विचारणं-सांगणं अवघड जातं. शेजारी शेजारी उभं राहून भाजी चिरताना, हात गुंतलेले आणि नजर सुरीवर असताना, तेच सहज सांगितलं जातं. आणि कांदा बारीक की जाड चिरायचा, याबाबतीत दोन कादंबऱ्या लिहिलेला माणूस काही वरच्या पायरीवर नसतो.

टेबलावर एक प्रश्न मात्र येऊ देऊ नये: "आज किती शब्द झाले?" विचारणाऱ्याच्या मनात आस्थाच असते. पण कुणीतरी "दोन हजार" म्हणतं आणि ज्याने दिवसभर एक परिच्छेद सतरा वेळा फिरवला तो पाण्याचा ग्लास उचलतो. कविता लिहिणाऱ्याने तर काय सांगायचं? त्याऐवजी "उद्या कुठून सुरुवात करणार?" असं विचारावं. त्याला उत्तर प्रत्येकाकडे असतं, आणि ते देताना सकाळचं पहिलं वाक्य पुष्कळदा तोंडातच तयार होतं.

जुन्या मंडळींचाही विचार करायला हवा. जी रिट्रीट दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भरते तिथे पुन्हा येणारे असतात, आणि त्यांचा एकमेकांवरचा लोभ खरा असतो. तोच नव्याला बाहेर ठेवतो. गेल्या वेळच्या पावसाची आठवण, कुणाचं तरी टोपणनाव, अर्ध्या वाक्यावर उसळलेलं हसू. नवा माणूस कडेला उभा राहून नुसतं स्मित करत राहतो. प्रत्येक नव्याला एक जुना सोबती द्यावा, पण फक्त पहिल्या दिवसापुरता. खोली दाखवणं, गरम पाणी कधी येतं ते सांगणं, पहिल्या जेवणाला शेजारी बसणं, एवढंच. आठवडाभराची जोडी दोघांनाही जाचते. उभ्या उभ्या गप्पा चालू असतील तर घोळक्याने एका माणसाच्या रुंदीची फट सोडून उभं राहावं, म्हणजे येणाऱ्याला खांद्यावर टकटक करावी लागत नाही. आणि फीमध्ये सवलत मिळालेला कोण, हे आयोजकांपैकी एकालाच ठाऊक असावं. ओळख करून देताना "या आपल्या शिष्यवृत्तीवर आलेल्या" असं म्हटलेलं प्रत्यक्ष ऐकू येतं, कौतुकाच्या सुरात, आणि त्या व्यक्तीची मान त्या क्षणी किती खाली जाते हे म्हणणाऱ्याला दिसत नाही.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे एकमेकांचं वाचून बोलणं. विज्ञानकथा लिहिणाऱ्या डेमन नाइट, जेम्स ब्लिश आणि ज्युडिथ मेरिल यांनी 1956 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड गावी लेखकांचा मेळावा सुरू केला. तिथली पद्धत पुढे जगभर पसरली: सगळ्यांनी कथा आधी वाचून यायचं, गोलात बसून एकेकाने मोजकी मिनिटं बोलायचं, तोवर लेखकाने गप्प राहायचं आणि शेवटी त्याने उत्तर द्यायचं. गप्प राहण्याचा फायदा खरा आहे. समर्थन करण्यात गुंतलेला कान ऐकत नाही. पण सगळा गट एकाच दोषावर घसरला तर दहाव्या माणसापर्यंत लेखकाचं अंग बधिर झालेलं असतं, आणि नवख्याची वही तिथेच मिटते. नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी 1990 च्या सुमारास मांडलेली दुसरी रीत पाहुणचाराशी जास्त जुळते. तिच्या चार पायऱ्या आहेत: आधी श्रोत्यांनी काय भिडलं, काय मनात राहिलं ते सांगायचं, मग लेखकाने आपल्याला पडलेले प्रश्न विचारायचे, मग श्रोत्यांनी मत न मिसळता प्रश्न विचारायचे, आणि शेवटी, लेखकाची परवानगी असेल तरच, मत द्यायचं. एका बैठकीत दोघांचंच वाचन ठेवावं, प्रत्येकी दहा-बारा पानांच्या वर नाही, आणि पानं दोन दिवस आधी हातात द्यावीत. घड्याळ एकाकडे सोपवावं.

चार पायऱ्यांतली तिसरी सगळ्यांना जड जाते. "शेवट इतका घाईत का उरकला?" याला प्रश्नचिन्ह आहे, पण आत मत बसलेलं आहे, आणि लेखकाला ते लगेच टोचतं. "शेवटच्या दोन पानांत किती दिवस जातात?" हा खरा प्रश्न. लेखक मोजायला लागतो, आणि मोजता मोजता घाई त्याची त्यालाच सापडते. "आई फार कठोर वाटते" ऐवजी "आई या प्रसंगात कुठे उभी आहे?" असं विचारायला दोन-तीन बैठकांचा सराव लागतो. जीभ अडखळते. मत गिळून प्रश्न घडवताना आपण त्या मजकुराच्या किती जवळ जातो, हे मात्र प्रत्येकाला जाणवतं. मला वाटतं रिट्रीटमधून घरी नेण्यासारखं पानांच्या खालोखाल काही असेल तर हे विचारणं. स्वतःच्या खर्ड्यालाही ते लागू पडतं.

त्या रिट्रीटमध्ये दोन दिवस टेबलाच्या टोकाची खुर्ची संयोजकांना दिसत होती. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना पुन्हा गोलात बोलावलं. म्हणाल्या, "परवा मी चुकीचा प्रश्न विचारला. आज दुसरा विचारते. सध्या काय लिहिताय आणि घोडं कुठे अडलंय? दीड-दीड मिनिट." थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग पुरस्कारवाल्या लेखकानेच सुरुवात केली. तिसऱ्या कादंबरीच्या एकशे चाळिसाव्या पानावर ते सहा महिने उभे होते. वडील घरी परत येतात एवढं ठरलं होतं, पण दार कोण उघडतं ते ठरत नव्हतं. दुसरीचं शीर्षकापाशी अडलं होतं, तिसऱ्याला सदराच्या लांबीची इतकी सवय लागली होती की आठशे शब्दांपुढे श्वासच पुरत नव्हता. गोल फिरत सातव्या खुर्चीपाशी आला. बाईंनी वहीचा कोपरा सोडला. म्हणाल्या, "एक मुलगी रेल्वे स्टेशनवर बसली आहे. गाडी आलेली आहे. तिला जायचंय. पण ती चढत नाही. चार वर्षं झाली, मला तिला गाडीत चढवता येत नाहीये."

कुणीही "अहो ताई" म्हटलं नाही. पुरस्कारवाल्या लेखकाने पुढे झुकून विचारलं, "तिच्याजवळ सामान काय आहे?"

बाईंनी वही उघडली. काही पानं मागे गेल्या, आणखी मागे गेल्या, एका पानावर बोट ठेवून ओठांतल्या ओठांत वाचत राहिल्या. "सामान…" त्या म्हणाल्या. "सामान दिलंच नाही मी तिला." मग शेजारच्याकडे हात केला, त्याने आपलं पेन दिलं. "एक मिनिट हं," म्हणून त्या तिथेच, मांडीवर, समासात काहीतरी लिहायला लागल्या. पाळी आता आठव्या खुर्चीची होती. पेन देऊन बसलेला तो थांबला.